झुकिनीच्या स्पॅगेटीला पाणी सुटतं, ताटात तळं होतं. पास्त्याऐवजी भाजी वापरणाऱ्यांनी सांगा

निळं_झाकण

नमस्कार. थोडं सविस्तर लिहिते, कारण नुसतं "झुकिनी कशी करायची" एवढंच विचारून भागणार नाही.

माझे बाबा ६९ वर्षांचे. स्पॅगेटी म्हणजे त्यांचा जीव की प्राण. रविवारी रात्री ते स्वतः करतात, टोमॅटोचा सॉस घालून. लसूण चिरत नाहीत, सुरीच्या पात्याखाली चेचतात. टोमॅटो हातानेच कुस्करतात. त्या तासाभरात कुणी मध्ये लुडबुड केलेली त्यांना खपत नाही.

गेल्या तपासणीत साखर बरीच वर निघाली. जेवणाआधीचं इन्सुलिन आधीपासून चालू आहेच. आहारतज्ज्ञांनी कर्बोदकं कमी करायला सांगितली, पास्ता निम्म्यावर आणा म्हणाल्या. बाबांनी घरी येऊन पास्त्याचा डबा उचलला आणि वरच्या फळीवर ठेवून दिला. बोलले काहीच नाहीत. मला ते बघवलं नाही.

म्हणून मी फिरकीचं कटर आणलं, तेच ते, भाजी लावून दांडा फिरवला की लांब धागे पडतात. झुकिनीचे धागे केले, उकळत्या पाण्यात २ मिनिटं टाकले, निथळले आणि बाबांचा सॉस वर ओतला. पहिला घास ठीक होता. पाचव्या मिनिटाला ताटाच्या कडेने लालसर पाणी जमायला लागलं. दहाव्या मिनिटाला खाली पाणी आणि वर मऊ गिच्च धागे. बाबांनी काट्याने धागे एका बाजूला सारले, पाणी दुसऱ्या बाजूला ठेवलं आणि सगळं संपवलं. "चांगलं झालंय," म्हणाले. पण पुन्हा मागून घेतलं नाही, आणि स्पॅगेटी असली की ते दुसऱ्यांदा घेतल्याशिवाय उठत नाहीत.

दुसऱ्या वेळी उकळलं नाही, झाकण ठेवून वाफवलं. पाणी आणखी जास्त सुटलं.

मला दोन गोष्टी विचारायच्या आहेत. हे पाणी थांबवता येतं का? आणि झुकिनी सोडून आणखी कोणती भाजी पास्त्याच्या जागी खरंच चालते? ज्यांनी घरी करून पाहिलंय त्यांनीच सांगा, प्लीज.

—

रिकामी_बरणी

ताई, उकळू नकाच. मीठ लावून ठेवा, पिळून घ्या. मी तर शिजवतही नाही, कच्चे धागे तसेच घेते आणि वर गरम सॉस घालते. ताटात घेतल्या घेतल्या खायचं. करकरीत लागतं. तुमच्या बाबांना कच्चट आवडेल का, ते मात्र तुम्हीच बघा.

—

वजनकाटा

निळं झाकण ताई, तुमचं वर्णन वाचून मला माझंच जुनं ताट दिसलं. माझ्या यजमानांना मधुमेह होऊन ९ वर्षं झाली. पहिल्या वर्षी मी अगदी हेच केलं होतं, उकळत्या पाण्यात झुकिनी. तेव्हापासून स्वयंपाकघरात काटा ठेवते आणि प्रत्येक गोष्ट मोजते, म्हणून हे टोपणनाव.

आधी पाणी येतं कुठून ते सांगते, म्हणजे पुढचं सगळं पटेल. १०० ग्रॅम झुकिनीत जवळजवळ ९५ ग्रॅम पाणीच असतं. ते पेशींमध्ये कोंडलेलं असतं. आच लागली, साधारण ६० अंशांच्या पुढे गेलं, की पेशींचे पडदे फाटतात आणि आतलं पाणी मोकळं होतं. ते एका क्षणात बाहेर येत नाही, हळूहळू झिरपत राहतं. म्हणून तुम्हाला पहिला घास बरा लागला आणि दहाव्या मिनिटाला तळं दिसलं. झाकण ठेवलंत तेव्हा वाफेला बाहेर जायला वाटच उरली नाही, तीही परत खाली पडली.

आता कोरडा पास्ता घ्या. १०० ग्रॅम शिजवला की सव्वादोनशे ग्रॅमच्या आसपास होतो, म्हणजे तो स्वतः पाणी पितो. सॉसमध्ये घातल्यावरही थोडं ओढून घेतो. शिवाय त्याच्या अंगावरचा स्टार्च सॉसला धरून ठेवतो. म्हणजे पास्ता पाणी पितो आणि भाजी पाणी सोडते. पास्त्यासाठी केलेला सॉस भाजीवर तसाच ओतला की तो पातळ होणारच, बाबांच्या सॉसचा त्यात काही दोष नाही. फक्त तो या ताटासाठी जास्त आटवायला हवा.

मी करते ते असं.

झुकिनी लहान घ्यायची, १५ ते २० सेंटिमीटरची, हाताला टणक लागणारी. मोठ्या झुकिनीचा मधला भाग बियांचा आणि स्पंजासारखा असतो, तो धाग्यांत घ्यायचाच नाही. बाजूचा घट्ट गर तेवढा वापरायचा, मधला सॉसमध्ये किसून आटवून टाकला तरी चालतो. धागे अगदी बारीक पाडू नका. कटरला दोन-तीन पाती असतील तर ३-४ मिलिमीटर जाडीचे पडतील ते पातं लावा. बारीक धाग्यांचा शिजता शिजता लगदा होतो. आणि पडलेले धागे कात्रीने वीतभर लांबीचे कापून घ्या. कटरमधून एकेक धागा हात-दोन हात लांब निघतो, तो काट्याला गुंडाळताना सगळं ताट ओढून घेतो.

५०० ग्रॅम धाग्यांना अर्धा चहाचा चमचा मीठ. हाताने हलकेच चोळायचं, चाळणीत ठेवायचं, खाली भांडं. अर्धा तास. मग सुती फडक्यात घेऊन पुरचुंडी करायची आणि पिळायची, कपडे पिळतो तशी नाही, दोन्ही तळव्यांत दाबत दाबत. माझ्याकडे ५०० चे साधारण ४०० ग्रॅम उरतात. निघालेलं १०० ग्रॅम पाणी एरवी ताटात आलं असतं. बरंचसं मीठ या पाण्याबरोबर निघून जातं, पण थोडं राहतंच, म्हणून सॉसमध्ये मीठ अगदी शेवटी, चव बघून. यजमानांना रक्तदाबही आहे, त्यामुळे मी सॉसमध्ये बहुतेक वेळा घालतच नाही.

मग पसरट पॅन चांगला तापवायचा. चमचाभर तेल, धागे दोन खेपांत. गर्दी केली की परतण्याऐवजी वाफवले जातात. एक ते दीड मिनिट, मोठ्या आचेवर, झाकण नाही. धागे वाकायला लागले पण अजून मोडत नाहीत, तिथे थांबायचं. ताटात घ्यायचं, सॉस वरून घालायचा. सॉसमध्ये धागे शिजवायचे नाहीत.

आणि सॉस. मी लाकडी चमचा पॅनच्या तळावरून ओढते. मागे वाट पडली आणि दोन्ही बाजूंचा सॉस लगेच मिटला तर तो पास्त्याचा सॉस. वाट क्षणभर तशीच उघडी राहिली तर तो भाजीचा सॉस. तिथपर्यंत आटवायचा. शेवटी किसलेलं चीज किंवा लोण्याचा छोटा तुकडा ढवळून घाला. पास्त्याच्या पाण्यातला स्टार्च सॉसला जो दाटपणा देतो, तो इथे नसतो, त्याची थोडी भरपाई होते.

बाकीच्या भाज्यांबद्दल नंतर लिहिते, आत्ता घरातलं आवरायचंय.

—

पायवाट

मी स्वयंपाकातला नाही, पण ताईंनी एक वाक्य लिहिलंय त्यावर थांबलो. "जेवणाआधीचं इन्सुलिन." ज्या रात्री बाबांनी नुसती झुकिनी खाल्ली, त्या रात्री त्यांनी इन्सुलिन किती घेतलं होतं? नेहमीएवढंच का?

हिशेब बघा. ८० ग्रॅम कोरडा पास्ता, म्हणजे एक माणसाचं ताट, त्यात साधारण ६० ग्रॅम कर्बोदकं. २५० ग्रॅम झुकिनीत ८ ग्रॅमच्या आसपास. जेवणाआधीचा डोस त्या ६० ग्रॅमसाठी ठरवलेला असेल आणि ताटात ८ ग्रॅमच आले, तर उरलेलं इन्सुलिन रक्तातली साखर खाली ओढतं. मी हे भोगलंय. बायकोने प्रेमाने केलेलं फुलकोबीचं जेवण जेवलो, डोस नेहमीचा घेतला, आणि दोन तासांनी जिन्यात बसून राहिलो. घाम, हातांना कंप, आणि समोरच्या माणसाचं नाव आठवेना. यंत्रावर ५२ आकडा होता.

७० च्या खाली गेलं की ती साखर कमी झाली असंच धरायचं. लगेच १५ ग्रॅम साखर पोटात, म्हणजे ग्लुकोजच्या गोळ्या किंवा साधारण अर्धा कप फळांचा रस. १५ मिनिटांनी पुन्हा तपासायचं, वर आली नसेल तर पुन्हा तेवढंच. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, सरळ रुग्णवाहिका.

जेवणात एवढा मोठा बदल करायच्या आधी डॉक्टरांशी डोसबद्दल बोला. स्वतःच्या मनाने कमी-जास्त करू नका. ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या घेणाऱ्यांनाही हेच लागू आहे.

—

निळं_झाकण

पायवाट दादा, तुमचं वाचून मी आत जाऊन बाबांना विचारलं.

डोस नेहमीचाच घेतला होता. आणि दुसऱ्या वेळी, वाफवलेली झुकिनी खाल्ली त्या रात्री साडेदहाला, त्यांना दरदरून घाम आला होता. ते मला म्हणाले होते की उकडतंय. मी खिडकी उघडून दिली. त्यांनी स्वतःच दोन बिस्किटं खाल्ली आणि झोपले. आम्ही तपासलंसुद्धा नाही. मला हे आता लिहितानाही धडकी भरतेय. उद्या सकाळीच डॉक्टरांना फोन करते. तोवर घरात झुकिनी नाही.

वजनकाटा ताई, तुमची चमच्याच्या वाटेची खूण बाबांना वाचून दाखवली. ते म्हणाले, "बाईंना सॉस कळतो." तुमची पुढची पोस्ट आली की तीही वाचून दाखवते.

—

भोपळ्याचा_वेल

धागे पाडायचं यंत्रच लागू नये अशी भाजी हवी असेल तर स्पॅगेटी स्क्वॉश बघा. हा भोपळ्याच्या कुळातला, झुकिनीचाच सख्खा भाऊ म्हणा, दोघांची शास्त्रीय जात एकच. भाजल्यावर आतला गर आपोआप धाग्यांत सुटतो.

बहुतेक जण तो उभा चिरतात, तिथेच चुकतं. आतले धागे देठापासून टोकाकडे जात नाहीत, फळाच्या पोटाभोवती गोल फिरतात. उभा चिरला की प्रत्येक धागा मधोमध तुटतो. आडवा चिरा, दोन बोटं जाडीची कडी करा, मधल्या बिया काढा. ओव्हनमध्ये २०० अंश सेल्सिअसला ३५ ते ४० मिनिटं. सुरी शिरली पाहिजे पण गर थरथरता नको. मग काट्याने कड्याच्या आतून गोल गोल सोडवत न्यायचं, लांबच लांब धागा येतो. तो लगेच ताटात घेऊ नका. ताटलीवर पसरून १० मिनिटं वाफ जाऊ द्या. चव थोडी गोडसर, आणि झुकिनीपेक्षा दाताला जास्त लागतो. शिजलेल्या १०० ग्रॅममध्ये कर्बोदकं साधारण ७ ग्रॅम, शिजलेल्या पास्त्यात ३० च्या आसपास.

एक गोष्ट मात्र सगळ्यांनी लक्षात ठेवा. झुकिनी असो की कुठलाही भोपळा, चिरल्यावर एक कच्चा तुकडा जिभेला लावून बघा. कडू लागला तर थुंका आणि अख्खं फळ टाकून द्या. तो कडवटपणा कुकुर्बिटासिन नावाच्या द्रव्याचा असतो आणि शिजवून जात नाही. जास्त पोटात गेला तर उलट्या-जुलाबांनी माणूस आडवा होतो. घरच्या बियांपासून लावलेल्या वेलाला असं फळ येऊ शकतं, कारण शोभेच्या किंवा रानटी भोपळ्याचा पराग त्या बियाण्यात आलेला असतो. माझ्या परसात एका वर्षी आलं होतं. दिसायला इतकं देखणं की टाकवत नव्हतं. टाकलं.

—

सावकाश

माझं मत थोडं वेगळं आहे, रागावू नका.

ताईंच्या पहिल्या पोस्टमध्ये आहारतज्ज्ञ म्हणाल्यात "निम्म्यावर आणा." बंद करा असं त्या म्हणालेल्या नाहीत. मग बाबांच्या ताटातून स्पॅगेटी पूर्ण का काढायची? जो माणूस रविवारी स्वतः उभा राहून सॉस करतो, त्याला त्याच्या हाताची चव त्याच्या ताटात मिळायला हवी. नुसत्या झुकिनीवर ती बसत नाही, हे तुम्ही स्वतः पाहिलंत.

मी ४० ग्रॅम कोरडी स्पॅगेटी घेतो आणि १५० ग्रॅम झुकिनीचे धागे, मीठ लावून पिळलेले. स्पॅगेटी एक मिनिट कमी शिजवायची. तिचं पाणी फेकायचं नाही, अर्धा पेला बाजूला काढायचं. स्पॅगेटी सॉसमध्ये घालून त्या पाण्याचे दोन-तीन चमचे शिंपडत मोठ्या आचेवर हलवायची, सॉस तिच्या अंगाला धरेपर्यंत. मग आच बंद करून झुकिनी घालायची आणि दोनदा वर-खाली करायची. पॅनमध्ये असलेली ऊब तिला पुरते. काट्यावर दोन्ही धागे एकत्र येतात. स्पॅगेटी सॉस धरते, झुकिनी ताट भरते. कर्बोदकं ३५ ग्रॅमच्या जवळपास जातात, सॉसमधली वेगळी.

आणि भूक. ८० ग्रॅम पास्त्यात १० ग्रॅम तरी प्रथिनं असतात, हे कुणी मोजत नाही. झुकिनीच्या मोठ्या ताटात ३. नुसत्या भाजीवर जेवलं की दोन तासांत पोट रिकामं वाटतं आणि माणूस मिळेल ते तोंडात टाकतो. सॉसमध्ये राजमा घाला, अंडं, मासा, चिकन, जे घरात चालत असेल ते. त्याशिवाय ते ताट जेवण होत नाही.

—

वजनकाटा

सावकाश यांचं म्हणणं मला पटतं. आमच्याकडेही आठवड्यातून एकदा अर्धं-अर्धंच असतं. मी पूर्ण भाजीचं ताट करते ते वेगळ्या दिवशी, आणि तेव्हा त्याला पास्ता म्हणतच नाही. यजमानांनीच एकदा सांगितलं होतं, "पास्ता म्हणून वाढलंस की मी पास्ता शोधतो. कोबी म्हणून वाढ, मग मला कोबी आवडतो." त्या दिवसापासून नाव बदललं आणि भांडण मिटलं.

पायवाट दादांनी लिहिलंय ते खरं म्हणजे मी पहिल्या पोस्टमध्येच लिहायला हवं होतं. यजमान फक्त मेटफॉर्मिनच्या गोळीवर आहेत, नुसत्या मेटफॉर्मिनने साखर अशी खाली जात नाही सहसा, म्हणून माझ्या डोक्यातच आलं नाही. ताई, तुम्ही फोन करताय हे फार बरं झालं.

आता भाज्या. मी केलेल्या तेवढ्याच सांगते.

कोबी. माझ्या मते चपट्या रुंद पास्त्याच्या जागी याच्यासारखं दुसरं काही नाही, आणि लोक झुकिनीच्या मागे धावतात. पानं सुटी करा, मधली जाड शीर काढा, एकावर एक ठेवून बोटभर रुंदीच्या पट्ट्या कापा. मिठाच्या उकळत्या पाण्यात ३ मिनिटं, घड्याळ लावून. जास्त उकळला की तो गंधकाचा वास यायला लागतो आणि मग कशानेही जात नाही. निथळून फडक्यावर पसरायचा आणि वरून दुसऱ्या फडक्याने टिपायचा. कोबीच्या पट्ट्या वाकतात पण मोडत नाहीत, मलईच्या जड सॉसखालीही दबत नाहीत. मिरपूड, लोणी आणि किसलेलं चीज एवढ्यावरही सुरेख लागतो.

गाजर. सालं काढायच्या पीलरनेच लांब फिती काढा, यंत्र नको. गाजर टणक, पाणी कमी सोडतं, २ मिनिटं उकळलं तरी दाताला लागतं. पण गोड आहे. बाबांच्या टोमॅटो सॉसबरोबर नको, दोन्ही गोड होतात. लसूण, तेल, लाल मिरची आणि लिंबू. टोमॅटोत घालायचंच असेल तर आधी उकळून मऊ करा. आंबट सॉसमध्ये भाजी मऊ पडायला फार वेळ घेते, आंबटपणा तिला घट्ट धरून ठेवतो.

वांगं. धाग्यांसाठी नाही, लसान्याच्या, म्हणजे थर लावून भाजायच्या पास्त्याच्या, पात्यांसाठी. उभे काप, अर्ध्या सेंटिमीटरहून किंचित जाड. तेलात तळू नका, वांग्याच्या गरात हवेच्या पोकळ्या असतात, तो स्पंजासारखं तेल पितो. काप ताटलीवर मांडून ब्रशने तेल लावा, ओव्हनमध्ये २२० अंशांना २० मिनिटं, मध्ये एकदा उलटा. पोकळ्या बसतात, काप पातळ आणि लवचिक होतो, कडा तपकिरी होतात. ते थर लावून लसान्या केला की बाहेर काढल्यावर २० मिनिटं हात लावायचा नाही. लगेच कापला की सगळं घसरतं.

नवलकोल. याचे धागे झुकिनीपेक्षा चांगले पडतात आणि करकरीत राहतात. साल मात्र जाड काढा, सालीखाली दोऱ्यासारख्या शिरा असतात, त्या शिजत नाहीत.

रताळं मी सोडून दिलं. धागे देखणे होतात, चवही छान, पण १०० ग्रॅमला २० ग्रॅम कर्बोदकं. ज्या कारणासाठी पास्ता काढला तेच कारण परत ताटात येतं. ज्यांना फक्त ग्लुटेन टाळायचंय त्यांनी जरूर करावं. बीटाचं मला जमलं नाही, सॉसचा रंग आणि चव दोन्ही तेच खातं.

—

निळं_झाकण

दोन आठवड्यांनी लिहितेय.

डॉक्टरांशी बोलणं झालं. त्यांनी बाबांना ताटातल्या कर्बोदकांप्रमाणे डोस कसा घ्यायचा याचा तक्ता लिहून दिला. सध्या जेवणाआधी आणि दोन तासांनी असं दोन्ही वेळा तपासायचं आणि वहीत लिहायचं. कोपऱ्यातल्या टेबलावर आता ग्लुकोजच्या गोळ्यांची डबी असते. पायवाट दादा, तुमचे आभार कसे मानू कळत नाही. तुम्ही तो एक प्रश्न विचारला नसतात तर मी तिसऱ्यांदाही झुकिनीच केली असती आणि पुन्हा खिडकीच उघडून दिली असती.

काल रविवार. सावकाश यांचं माप घेतलं, ४० आणि १५०. झुकिनी मी पिळली. खाली जमलेलं पाणी बाबांनी मोजण्याच्या पेल्यात ओतून बघितलं, ३५ मिलिलिटर, १५० ग्रॅमचं. ते पेला उजेडात धरून बराच वेळ बघत होते. मग म्हणाले, "एवढं पाणी माझ्या सॉसमध्ये जात होतं?" आणि पुढची १० मिनिटं सॉस आटवत उभे राहिले, चमचा ओढायचे, वाट मिटली की मान हलवायचे, पुन्हा ढवळायचे. वाट उघडी राहिली तेव्हा मला हाक मारून दाखवली.

पास्त्याचा डबा वरच्या फळीवरून खाली आलाय. काटा त्याच्या शेजारीच ठेवलाय, बाबा स्वतः वजन करतात, ४० म्हणजे ४०, एक काडी जास्त झाली तर परत डब्यात.

ताटात पाणी नव्हतं. अगदी शेवटी चमचाभर होतं, ते त्यांनी ब्रेडच्या तुकड्याने पुसून घेतलं (तो तुकडाही मोजलेला होता). दोन तासांनी १४२.

त्यांनी दुसऱ्यांदा मागितलं. माप ठरलेलं, त्यामुळे स्पॅगेटी उरलेली नव्हती. उरलेल्या झुकिनीवर सॉस घालून दिला आणि तोही त्यांनी खाल्ला.

एकच शंका राहिली. मी एकटीच धागे पाडते, कामाच्या दिवशी वेळ नसतो. आदल्या दिवशी पाडून ठेवले तर चालतील का? मीठ आधी लावू की नंतर?

—

वजनकाटा

१४२ वाचून मी यजमानांना मोठ्याने वाचून दाखवलं.

धागे आदल्या दिवशी पाडा, दोन दिवससुद्धा चांगले राहतात. डब्याच्या तळाशी कोरडं फडकं, त्यावर धागे सैलसर, वर पुन्हा फडकं, मग झाकण आणि फ्रीज. मीठ मात्र आधी लावू नका, रात्रभरात ते नरम पडून चिकटतात. खायच्या अर्धा तास आधी मीठ, मग पिळायचे. गोठवू तर मुळीच नका. बर्फाने पेशी फुटतात आणि वितळल्यावर सगळं पाणी एकदम सुटतं.

कोबीच्या पट्ट्या चार दिवस राहतात, उकळायच्या आधीच्या. त्या करून बघा आणि बाबांना काय वाटलं ते लिहा.